मधुमेह, मेद आणि आपले ताट

नोव्हेंबर महिन्याची १४ तारीख आपल्या शाळेत बालदिन म्हणून साजरी होते. पंडित जवाहरलाल नेहरू यांचा जन्म १८८९ साली याच दिवशी झाला, हे पहिलीतील बालकही सांगेल. परंतु त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९१ साली, याच तारखेस कॅनडा देशात फ्रेडरिक बँटिंग जन्मास आले, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. पुढे १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग आणि त्यांचे तरुण साहाय्यक चार्ल्स बेस्ट यांच्या प्रयत्नांतून इन्शुलिन हाती आले, आणि १९२२ च्या जानेवारीत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मरणोन्मुख मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. त्या मुलाचे प्राण वाचले. या उपकाराचे स्मरण म्हणून बँटिंग यांचा जन्मदिन सर्व जगात मधुमेह दिन म्हणून पाळला जातो. बालदिन आणि मधुमेह दिन एकाच तारखेस यावेत हा केवळ योगायोग होय. तथापि या विषयाची ओळख शालेय वयातच व्हावी असे आम्हांस वाटते, आणि म्हणूनच शाळेच्या वार्षिक अंकात हा लेख लिहिण्याचे योजले आहे.

आपल्या घरांत या रोगाला कोणी मधुमेह म्हणत नाही. 'काकांना शुगर आहे', 'आजीची शुगर वाढली' असेच शब्द कानी पडतात, आणि ते इतके परिचित झाले आहेत की त्यांत काही भय आहे असे वाटेनासे झाले आहे. पण भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साह्याने देशातील सर्व राज्यांत जी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी १३ कोटी ६० लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. सर्व राज्यांत अधिक प्रमाण आढळले ते चिमुकल्या गोव्यात, शेकडा २६.४. आम्ही जन्माने कोंकणी भाषक. आमच्या घरी भाताला 'शीत' म्हणतात, आणि सकाळी पेज, दुपारी शीत आणि हुमण, रात्री पुन्हा शीत, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. हा आकडा वाचून आम्हांला आमचेच ताट डोळ्यांपुढे दिसू लागले.

मधुमेह म्हणजे काय, हे प्रथम पाहू. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते, आणि निरोगी माणसाच्या त्या सर्व रक्तात मिळून असणारी साखर केवळ पाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाचा एक चमचा, इतकीच असते. ही साखर म्हणजे ग्लुकोज होय. शरीरातील पेशींना ती इंधनासारखी लागते. परंतु स्नायूंच्या आणि मेदाच्या पेशींत ती शिरण्यास इन्शुलिन या स्रावाची गरज असते. पोटातील स्वादुपिंड नावाची ग्रंथी हा स्राव निर्माण करते. इन्शुलिनला किल्लीची उपमा देतात. लहान वयात होणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीर ही किल्ली बनवीतच नाही. तेथे इन्शुलिन टोचून घेण्यावाचून गत्यंतर नसते. प्रौढांत मुख्यत्वे आढळणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात किल्ली असते, पण कुलूप गंजलेले असते. स्वादुपिंड अधिकाधिक इन्शुलिन ओतते, कालांतराने थकते, आणि साखर पेशीत न जाता रक्तातच साचून राहते. अशी साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे, पायांच्या नसा आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या हळूहळू निकामी होऊ लागतात. दुखत नाही, खुपत नाही. म्हणूनच हा रोग घातक.

आता ही साखर येते कोठून? बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: गोड खाण्यातून. हे उत्तर अर्धेच खरे आहे. भात, पोळी, भाकरी, पोहे, बटाटा, साबुदाणा यांत जे पिष्ट असते, ते म्हणजे ग्लुकोजच्या कणांची लांबच लांब माळच होय. तोंडात आणि आतड्यांत ही माळ तुटते, मणी सुटे होतात आणि रक्तात उतरतात. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ७८ ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात. तेवढ्या तांदळाचा भात म्हणजे पंधरा-सोळा चमचे साखरेची बेगमी. ज्या रक्तात एकच चमचा साखर मावायची, त्यात एका जेवणाने पंधरा चमचे येऊन पडतात! निरोगी शरीर हा लोंढा तास-दोन तासांत यथास्थित वाटून टाकते. मधुमेह्याच्या शरीराला ते साधत नाही. म्हणून चहातील साखर सोडून देऊन समाधानाने तीन वेळा ताटभर भात जेवणाऱ्या गृहस्थाची साखर का उतरत नाही, याचे कोडे येथे सुटते.

मेदाचा आणि मधुमेहाचा संबंधही येथेच आहे. स्नायूंना लागेल तेवढे ग्लुकोज वापरले जाते, थोडे यकृतात आणि स्नायूंत साठविले जाते, आणि गरजेपेक्षा अधिक खाल्लेल्या अन्नाची शिल्लक अखेर मेदाच्या रूपाने शरीरात राहते. तो मेद कातडीखाली राहिला तर त्याचा उपद्रव बेताचा. पण यकृतात आणि पोटातील अवयवांभोवती जमला की इन्शुलिनचे कुलूप गंजविणारा तोच. आपल्या लोकांत ही प्रवृत्ती विशेष आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन या दोघा मित्रांचे छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या सुप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. त्याचा निर्देशांक दोघांचाही २२.३. पण अंगातील मेद मोजला तेव्हा इंग्रज डॉक्टरांच्या शरीरात तो शेकडा ९.१ निघाला, आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांच्या शरीरात शेकडा २१.२! वरून सडपातळ आणि आतून मेदयुक्त, अशी आपली ठेवण असते. म्हणून केवळ वजनाच्या काट्यावर विसंबू नये. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटर याहून अधिक झाला, तर तो धोक्याचा इशारा समजावा. शिंप्याची फीत प्रत्येक घरात असते. त्यासाठी दवाखान्यात जावे लागत नाही.

आहार बदलून या रोगाला आवर घालावा, हा विचार नवा नाही. आपल्या प्राचीन वैद्यांनी प्रमेहाचे वर्णन केले आहे. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, हे त्यांच्या दृष्टीतून सुटले नव्हते. चरकसंहितेत स्थूल व बलवान रोगी आणि कृश व दुर्बल रोगी असा भेद करून दोघांची चिकित्सा वेगळी सांगितली आहे. बैठे सुख, अतिनिद्रा, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांस रोगाचे कारण मानले आहे, आणि पथ्य म्हणून यव म्हणजे जव या धान्याला मान दिला आहे. सुश्रुताने तर दूरवर पायी चालण्याचा आणि विहीर खणण्यासारख्या श्रमांचा उपचार सांगितला. युरोपात १७९७ साली जॉन रोलो या सैनिकी वैद्याने मधुमेह्यास धान्य वर्ज्य करून मांसप्रधान आहार देण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. १८६३ साली लंडनच्या विल्यम बँटिंग या अंत्यसंस्काराचे सामान पुरविणाऱ्या गृहस्थाने पाव, साखर, बटाटा आणि बिअर सोडून वर्षभरात सुमारे ४६ पौंड वजन उतरविले आणि तो अनुभव पुस्तिकेच्या रूपाने छापला. इन्शुलिन सापडण्यापूर्वी तर पिष्टमय पदार्थ कमी करणे हाच मधुमेह्याचा मुख्य आधार होता. औषधे हाती आली तेव्हा त्या जुन्या उपायाचे महत्त्व ओसरले. अलीकडे मात्र ते पुन्हा वाढू लागले आहे.

या कथेचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्याच शहरात लिहिला जात आहे. तार्नाक्याहून जाताना राष्ट्रीय पोषण संस्थेची पाटी आपण कित्येकदा पाहिली असेल. ही संस्था १९१८ साली तमिळ मुलखातील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी एका खोलीत सुरू केली. उद्देश होता बेरीबेरी या रोगाचा शोध घेण्याचा. गिरणीत सडून पांढरा केलेला तांदूळ खाणाऱ्यांना हा रोग होई. कारण तांदळाच्या वरच्या आवरणातील ब-१ जीवनसत्त्व कोंड्यासह निघून जाई. १९५८ साली ही प्रयोगशाळा हैदराबादेस आली. त्या काळी तिचे संचालक डॉ. व्ही. एन. पटवर्धन होते, हे मराठी वाचकांस सांगावयास आम्हांला अभिमान वाटतो. १९६९ पासून तिला आजचे नाव लाभले. ज्या पांढऱ्या तांदळातील उणिवेचा शोध घेण्यासाठी ही संस्था जन्मली, त्याच तांदळाच्या अतिरेकाविषयी ती आज देशाला सावध करीत आहे. काळाचा हा फेर विचार करण्याजोगा आहे.

असे का झाले? शंभर वर्षांपूर्वी प्रश्न होता तो पोट भरण्याचा. धान्य स्वस्त मिळावे म्हणून सरकारांनी प्रयत्न केले, आणि ते योग्यच होते. तत्कालीन आंध्र प्रदेशात १९८३ साली दोन रुपये किलो दराने तांदूळ देण्याची योजना आली, तेव्हा कित्येक गरिबांच्या चुली पेटल्या. परंतु हळूहळू ज्वारी-बाजरीची जागा पांढऱ्या तांदळाने घेतली, चालणे आणि कष्ट कमी झाले, आणि ताटातील धान्याचा ढीग मात्र तसाच राहिला. आपल्यापैकी अनेकांचे आजे-पणजे नांदेड, परभणी, बीड, धाराशिवकडून या शहरात आले. मराठवाडा १९५६ पर्यंत याच संस्थानाचा भाग होता. शेतात राबणाऱ्या त्या माणसांना चार भाकरी पचत. कचेरीत खुर्चीवर बसणाऱ्या नातवाने तेवढेच अन्न घेतले तर ते जाणार कोठे?

पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची जी नवी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत म्हटले आहे की आपल्याकडे दिवसाच्या उष्मांकांपैकी ५० ते ७० टक्के उष्मांक केवळ तृणधान्यांतून येतात. ते ४५ टक्क्यांहून अधिक नसावेत. दोन हजार उष्मांक लागणाऱ्या प्रौढाच्या दिवसभराच्या ताटात तिने २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी व कडधान्ये, कंदमुळांसह ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३०० मिलिलिटर दूध वा दही आणि ३५ ग्रॅम दाणे व तेलबिया सुचविल्या आहेत. लक्षात घ्या, धान्याचे हे माप कच्चे आहे आणि सबंध दिवसाचे आहे. आपल्या घरी दिवसाला माणशी किती तांदूळ व किती पीठ संपते, हे महिन्याच्या वाणसामानाच्या यादीवरून कोणीही काढू शकेल. गणिताच्या तासाला हे उदाहरण सोडवून पाहण्याजोगे आहे.

हे निरोगी माणसाचे ताट झाले. मधुमेह्याने धान्य याहूनही कमी करावे काय? दिवसाला १३० ग्रॅमहून कमी पिष्टमय पदार्थ असलेल्या आहारास सामान्यतः अल्पपिष्ट आहार म्हणतात. काही जण ते ५० ग्रॅमच्याही खाली नेतात. अमेरिकेतील मधुमेह संघटनेने २०१९ साली असा अभिप्राय दिला की रक्तातील साखर सुधारण्यासाठी पिष्टमय पदार्थ घटविणे या उपायाला सर्वांत अधिक पुरावा आहे. आपल्याकडील पाहणीच्या आकडेवारीवरून २०२२ साली जे गणित मांडण्यात आले, ते मात्र पुष्कळ सौम्य आहे. नव्याने मधुमेह झालेल्यांनी तो मागे हटविण्यासाठी सुमारे ४९ ते ५४ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून, १९ ते २० टक्के प्रथिनांतून आणि २१ ते २६ टक्के स्निग्ध पदार्थांतून घ्यावेत, असे त्यात सुचविले आहे. भारतीय माणूस सरासरीने सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टातून घेतो, हे ध्यानी घेतले तर बदल किती करावयाचा याचा अंदाज येतो. धान्याचा सर्वथा त्याग सर्वांना करावयास नको. धान्याचा वाटा कमी करून त्याची जागा प्रथिनांनी आणि भाज्यांनी भरावयाची. आमच्या या लेखाचे सार एवढ्या एका वाक्यात आले आहे.

येथे एका भ्रमाचे निराकरण केले पाहिजे. 'भात सोडला, आता ज्वारीची भाकरी कितीही खा' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ज्वारी, बाजरी, नाचणी ही धान्ये उत्तम आहेत. त्यांत तंतुमय भाग अधिक असतो, खनिजे असतात आणि त्यांची साखर पांढऱ्या भाताच्या मानाने सावकाश रक्तात उतरते. राजेंद्रनगर येथे आपल्या शहरातच भरडधान्यांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, आणि २०२३ हे वर्ष तर जगभर भरडधान्यांचे म्हणून पाळले गेले. परंतु १०० ग्रॅम ज्वारीतही सुमारे ७० ग्रॅम पिष्ट असते, बाजरीत ६५ च्या आसपास आणि गव्हाच्या पिठातही तितकेच. म्हणजे तांदळाहून फरक आहे तो थोडका. एका भाकरीऐवजी तीन भाकरी खाल्ल्या तर ज्वारी काय करील? तीच गोष्ट गुळाची. साखरेत ९९ टक्के साखर, तर गुळात सुमारे ९५ टक्के. गूळ तांबडा आहे म्हणून रक्त त्याला वेगळा न्याय देत नाही.

उपवासाच्या ताटाकडेही थोडे पाहावे. साबुदाण्यात दर १०० ग्रॅमला सुमारे ८७ ग्रॅम पिष्ट आणि प्रथिने जवळजवळ शून्य. त्यात बटाटा घालून खिचडी केली आणि वर रताळ्याचा कीस घेतला, तर 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण मधुमेह्याच्या रक्तापुरती अक्षरशः खरी ठरते. व्रताचा मान राखूनही शेंगदाण्याची आमटी, दही, ताक, काकडी, ओले खोबरे यांवर भर देता येतो.

मग ताट वाढावे कसे? एक उदाहरण घेऊ. एका गृहस्थाचे दुपारचे जेवण म्हणजे १२० ग्रॅम तांदळाचा भात आणि १५ ग्रॅम डाळीचे पातळ वरण. यातून सुमारे १०० ग्रॅम पिष्ट पोटात गेले, आणि प्रथिने दहा-अकरा ग्रॅमच मिळाली. आता त्याच गृहस्थाने ४० ग्रॅम तांदळाचा भात, ४० ग्रॅम मटकीची घट्ट उसळ, भरपूर पालेभाजी आणि वाटीभर दही घेतले. पिष्ट साठ ग्रॅमच्या आसपास आले, आणि प्रथिने दुपटीजवळ गेली. मत्स्याहारी असल्यास बांगड्याचे दोन तुकडे घ्यावेत. माशात आणि अंड्यात पिष्ट जवळजवळ नसते. पोट उपाशी राहिले नाही, रुची गेली नाही, खर्चही फार वाढला नाही. डाळी आणि कडधान्ये यांतही पिष्ट आहे हे खरे, सुमारे ५५ ते ६० टक्के. पण त्यांतील वीस-बावीस टक्के प्रथिने आणि तंतुमय भाग यांमुळे ती भाताप्रमाणे साखरेचा लोंढा आणीत नाहीत. भुईमुगाच्या दाण्यात २५ टक्के प्रथिने आणि पिष्ट त्याच मानाने, म्हणून दाण्याची चटणी ही गरिबाच्या घरचीही मोठी ठेव आहे. मात्र तेल त्यात भरपूर असते. वजन उतरवावयाचे असेल तर मूठ मोजूनच घ्यावी.

सकाळच्या न्याहारीत बदल करणे सर्वांत सोपे. पोहे, उपमा, इडली हे सर्व पिष्टाचेच अवतार. त्यांऐवजी मुगाचे धिरडे, पिठल्याचा घट्ट गोळा आणि लहानशी भाकरी, मोड आलेली कडधान्ये, पनीर, किंवा अंडी चालत असल्यास अंडी घ्यावीत. आपल्या शहराचा इराणी चहा आणि त्यासोबतची उस्मानिया बिस्किटे यांचा मोह दांडगा. पण दिवसाला तीन-चार वेळा तो पुरविला तर घरी पाळलेले सारे पथ्य हॉटेलच्या संगमरवरी टेबलावर वाहून जाते. बिर्याणी आणि खुबानी का मीठा यांस लग्नसमारंभापुरते ठेवावे, आणि तेथेही प्रथम दही-कांदा आणि मांस वा भाजी खाऊन मग थोडा भात घ्यावा. आधी भाजी, उसळ, मासा आणि शेवटी भात असा क्रम ठेवला, तर जेवणानंतर साखर कमी चढते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. आणि जेवण झाल्यावर आपल्या आजोबांची शतपावली विसरू नये. दहा-पंधरा मिनिटे चालले की स्नायू रक्तातील साखर उचलू लागतात. हे औषध फुकट आहे.

एवढ्याने रोग खरोखर मागे हटतो काय? ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, निदान होऊन सहा वर्षांहून अधिक काळ न लोटलेल्या रोग्यांना काही महिने अगदी थोड्या उष्मांकांचा आहार देण्यात आला. वर्षाअखेर त्यांपैकी ४६ टक्के लोकांची साखर औषधावाचून मर्यादेत आली होती, आणि ज्यांनी १५ किलो वा अधिक वजन उतरविले त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होते. यावरून कळते की यकृतातील व पोटातील मेद वितळणे हीच खरी किल्ली. अल्पपिष्ट आहार हा तेथवर जाण्याचा एक मार्ग आहे, एकमेव नव्हे. अमेरिकेत सहाशेहून अधिक लोकांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत अल्पपिष्ट आणि अल्पस्निग्ध या दोन्ही आहारांनी वर्षभरात जवळजवळ सारखेच वजन उतरले. महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत लोकप्रिय केली. दर खाण्यागणिक इन्शुलिन स्रवते, म्हणून खाण्याच्या वेळा घटवाव्यात, असा तिचा आधार. मार्ग कोणताही असो, जो वर्षानुवर्षे निभावेल तोच आपला. पंधरा दिवस धान्य वर्ज्य करून सोळाव्या दिवशी दुप्पट खाणाऱ्याचे हित कोणत्याच पद्धतीत नाही.

काही सावधगिरीच्या गोष्टी ठळकपणे सांगितल्या पाहिजेत. जे इन्शुलिन टोचून घेतात किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून भात-पोळी एकाएकी कमी करू नये. औषध तेवढेच आणि अन्न कमी, असे झाले की साखर फार खाली जाते. घाम सुटतो, हातपाय कापतात, भान हरपते. अशा वेळी रोगी शुद्धीवर असल्यास त्याला ताबडतोब तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी; शुद्धीवर नसल्यास तोंडात काहीही न घालता तत्काळ रुग्णालय गाठावे. घरातील प्रत्येक मुलाला हे ठाऊक असावे. काही नव्या गोळ्यांवर असताना पिष्ट फार घटविल्यास रक्तात आम्ल साचण्याचाही धोका असतो. गर्भवती स्त्रिया आणि मूत्रपिंडाचे रोगी यांनी स्वतंत्र सल्ला घ्यावा. पहिल्या प्रकारच्या मधुमेह्याने इन्शुलिन कदापि थांबवू नये. आणि विद्यार्थ्यांनो, तुमचे वय वाढीचे आहे. वजनाच्या भयाने जेवण सोडण्याचा विचारही मनात आणू नका. तुमच्यासाठी पथ्य एवढेच: बाटलीतील गोड पेये, बेकरीचे पदार्थ आणि पाकिटातील खाऊ यांस दूर ठेवा, मैदानावर खेळा, आणि ताटातील उसळ व भाजी टाकू नका.

शेवटी ताटाभोवती बसणाऱ्या माणसांविषयी. आपल्या समाजात आग्रह म्हणजे प्रेम, आणि आग्रह म्हणजे 'आणखी थोडा भात'. आमच्या मातोश्रींना साठी ओलांडल्यावर मधुमेह जडला. डॉक्टरांनी भात कमी करावयास सांगितले, तेव्हा त्यांना औषधाचे दुःख झाले नाही. दुःख झाले ते पंक्तीत वेगळे ताट घेऊन बसण्याचे. 'शीत नाका जाल्यार जेवण तें कसलें?' असे त्या म्हणत. भात नको असेल तर ते जेवण कसले, हा त्यांचा प्रश्न साधा नव्हता. ज्या अन्नाने त्यांनी आम्हांला वाढविले, तेच अन्न आता शत्रू ठरत होते. यावर उपाय निघाला तो असा की घरातील सर्वांचीच ताटे बदलली. हुमणात मासे वाढले, भाज्या दोन झाल्या, उसळ रोज आली, आणि भाताची मूद सर्वांसाठी लहान झाली. त्यांचे ताट वेगळे राहिले नाही आणि पथ्यही चालू लागले.

आमच्या मते या रोगाशी लढण्याचे खरे स्थळ हेच आहे. रोगी एकटा पथ्य पाळू शकत नाही, घर पाळते. ज्या घरात आजोबांना कोरडी भाकरी आणि इतरांना पुरणपोळी, तेथे आजोबा चोरून पोळी खाणारच, आणि त्यात त्यांचा दोष काढता येत नाही. शिवाय ज्या आई-वडिलांना हा रोग आहे, त्यांच्या मुलांनाही त्याचा धोका इतरांहून अधिक असतो. आज आजोबांसाठी लहान केलेली भाताची मूद उद्या नातवाचे रक्षण करील. म्हणून वाचकांस आमची विनंती आहे की घरातील तिशीच्या पुढील मंडळींनी वर्षातून एकदा रक्तातील साखर तपासून घ्यावी. उपाशीपोटी ती १२६ मिलिग्रॅम वा अधिक आढळल्यास मधुमेहाचे निदान होते. खात्रीसाठी तपासणी पुन्हा करतात. १०० च्या पुढे गेली तरी सावध व्हावे. आणि विद्यार्थ्यांनी येत्या रविवारी एक छोटेसे काम करावे: आईस पाने वाढू लागताना प्रथम उसळ आणि भाजी वाढावी, भात सर्वांत शेवटी, आणि आपल्या स्वतःच्या पानातही तसाच.